खटल्याविना कैद आणि मराठी पत्रकारितेचा इतिहास

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकविताना आपण १८९७ व १९०८ या दोन सालांवर आवर्जून थांबतो. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे खटले हा त्या इतिहासाचा मानबिंदू मानला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही, अशा बंदिवानांकडे आपल्या अभ्यासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. हे दुर्लक्ष निव्वळ योगायोगाचे नाही, असे मला वाटते.

१९०८ चा खटला न्याय्य होता असे कोणी म्हणणार नाही. ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. ‘केसरी’तील लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून आले. तरीही मूळ मराठी शब्दांचा अर्थ काय आणि भाषांतरात तो कसा पालटला, यावर उघड न्यायालयात वाद झाला. टिळकांनी आपला बचाव स्वतः अनेक दिवस मांडला. तो नोंदला गेला व छापलाही गेला. आरोप, पुरावा, उत्तर आणि सहा वर्षांची मुदत, सारेच लोकांसमोर राहिले. अभ्यासकाला संहिता मिळाली.

याच्या उलट १८९७ मध्येच पुण्याच्या नातू बंधूंना सरकारने १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली अटकेत ठेवले. ते पत्रकार नव्हते. पण त्याच वर्षी त्याच शहरात सरकारने वापरलेले दुसरे हत्यार त्यांच्या प्रकरणात दिसते. न्यायालयात ना आरोप मांडला गेला, ना उत्तराला वाव मिळाला. त्यांचे नाव आज प्लेगच्या इतिहासातील एखाद्या वाक्यापुरते उरले आहे.

स्वतंत्र भारतात हेच हत्यार आणीबाणीत ‘मिसा’च्या रूपाने पत्रकारांवर उगारले गेले. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव आणि दिल्लीत कुलदीप नय्यर हे त्या काळात तुरुंगात होते. कायद्यातील दुरुस्तीमुळे स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचेही बंधन उरले नव्हते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने दाद मागण्याचा मार्गही बंद केला; न्या. ह. रा. खन्ना तेवढे विरोधात उभे राहिले. डिसेंबर १९७५ च्या कराड संमेलनातील दुर्गा भागवतांची भूमिका आपण शिकवितो, कारण ती जाहीरपणे मांडली गेली. संपादकाचा कोणता लेख वा कोणते वाक्य सरकारला खुपले, हे मात्र स्थानबद्धतेच्या हुकुमातून कळत नाही.

स्थानबद्धता ही शिक्षा नसून प्रतिबंध आहे, असा युक्तिवाद राज्यकर्ते करतात. पण शिक्षेला मुदत असते. या प्रतिबंधाला ती कैद्यापुरती तरी नसते. ‘तुरुंगाने आपल्याला गीतारहस्य दिले’ असे समाधान मानणाऱ्यांनीही हा भेद विसरू नये. एरिट्रियातील संपादक व नाटककार दावित इसाक यांना सप्टेंबर २००१ मध्ये पकडले गेले; त्यांच्यावर खटला चालल्याचे कधीही समोर आलेले नाही. त्यांच्या लेखनाचा झरा तेथेच आटला.

१९७६ चा तो निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच चुकीचा ठरविला. तथापि घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातील प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद आणि १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आजही अस्तित्वात आहेत. म्हणून हा विषय केवळ इतिहासाचा नाही. लेखकाच्या शब्दाला आक्षेप असेल, तर तो शब्द न्यायालयापुढे ठेवावा व त्याला उत्तराची संधी द्यावी, एवढा आग्रह भाषेच्या अभ्यासकांनी पक्षनिरपेक्षपणे धरला पाहिजे.

जेथे संहिता नाही तेथे ती मिळवावी लागते. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणीबाणीतील बंदिवानांसाठी मानधनाची योजना आणली, २०२० मध्ये ती थांबविली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली. मानधनाचा वाद राजकारण्यांनी घालावा. त्या निमित्ताने सरकारदप्तरी आलेली नावे आपल्या उपयोगाची आहेत. त्यांतील लेखणी चालविणाऱ्यांच्या मुलाखती, तुरुंगातून आलेली पत्रे आणि अटकेपूर्वीचे अंक एकत्र वाचले गेले पाहिजेत. दौंड-शिरूरसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांनाही आपल्या परिसरापुरते हे काम करता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांसाठी तेच ते विषय शोधण्यापेक्षा हा विषय द्यावा. मात्र विलंब परवडणारा नाही, कारण त्या पिढीचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत.