रामकुंडावर जायचंय, मग निमाणीच्या बसमध्ये का बसायचं?

नाशिककरांनो, एक छोटी परीक्षा घेतो. समजा तुम्ही चेन्नईहून पहिल्यांदाच आलात. नाशिकरोड स्टेशनला उतरलात. रामकुंडावर जायचंय, मराठी वाचता येत नाही, आणि अट एकच, कुणालाही काही विचारायचं नाही. बसने पोहोचाल?

माझं उत्तर, नाही. आधी तर नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हेच, गाव अजून आठ-नऊ किलोमीटर पुढे. त्यात पंचवटीकडे जाणारी बस म्हणते 'निमाणी'. हे देवाचं नाव, तीर्थाचं की गावाचं, बाहेरच्या माणसाला काय कळणार? निमाणीला उतरलं की रामकुंड चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे तुम्हाला-मला माहीत. शेअर रिक्षावाला 'शालिमार, शालिमार' ओरडतोय, पाहुण्याला वाटतं हॉटेल असेल. सीबीएस वेगळं, ठक्कर बाजार वेगळा, आणि 'महामार्ग' नावाचं स्टँड मुंबई नाक्याला! आपल्याला यातलं काहीच खटकत नाही, कारण लहानपणापासून हेच ऐकत आलोय. पाहुणा मात्र स्टेशनबाहेर दोन मिनिटं गोंधळून उभा राहतो, रिक्षावाले गोळा होतात आणि तोंड बघून भाडं ठरतं. (मीटर आपल्या रिक्षात असतं. चालतं का, ते तुम्हीच सांगा.)

हे आत्ताच का सुचलं, तर गेल्या वर्षी पंधरा दिवस धाकट्या बहिणीकडे लंडनला राहून आलो. तिकीट भाच्याने काढलं, पत्रकाराच्या पगारात ते जमणारं नव्हतं. घरातले सगळे दिवसभर कामावर, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून मी एकटाच. बहिणीने निघताना दोनच गोष्टी बजावल्या. "दादा, बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डचं परदेशातलं वापरणं चालू करून ठेव. आणि सकाळी जे कार्ड टेकवशील तेच दिवसभर टेकव, मध्येच मोबाइल टेकवू नकोस, हिशेब वेगळा होतो."

संपलं. तिकीट काढायची भानगड नाही. तिथल्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. चढताना पिवळ्या यंत्रावर कार्ड टेकवायचं. भुयारी रेल्वेत बाहेर पडतानाही टेकवायचं. दिवसभर कितीही फिरा, ठरावीक मर्यादेच्या वर पैसे कापत नाहीत. म्हणजे पास घ्यावा की सुटी तिकिटं, हे कोडं पाहुण्याला सोडवावंच लागत नाही.

पण मला खरं कौतुक वाटलं ते थांब्यांचं. मोठ्या चौकात सात-आठ थांबे असतात, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक अक्षर. तुमची बस कुठल्या अक्षराच्या खांबावर येणार, ते तिथल्याच नकाशात लिहिलेलं. बसमध्ये बसलं की आवाज येतो, ही अमुक नंबरची बस, अमुक ठिकाणी जाते, पुढचा थांबा अमुक. पंधरा दिवसांत रस्त्यावर कुणाला पत्ता विचारायची वेळ आली नाही. भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने काढलेला. दोन स्टेशनांत अंतर किती, हे त्याने सरळ सोडून दिलं. कुठे बसायचं, कुठे बदलायचं, एवढंच सरळ रेषांत दाखवलं. साहेबांनी आधी नाकारला, मग १९३३ साली छापला, आणि आजचा नकाशाही त्याच वळणाचा आहे. यात यंत्र कुठे आहे? कागद आणि डोकं.

तिकडे सगळं सोनंच आहे असं नाही. भाड्याचा रुपयांत हिशेब केला की पोटात गोळा येतो. संपही होतात. आणि "मावशी, उतरा, तुमचा स्टॉप आला" म्हणणारा कंडक्टर तिथे नाही. तो आपल्याकडे आहे, त्याची किंमत मला कळते. पण तीन लाख माणसं एका दिवशी आली तर तो किती जणांना सांगणार?

सिटीलिंकवर राग काढायला हे लिहीत नाही. जुलै २०२१ मध्ये महापालिकेने शहर बससेवा स्वतःकडे घेतली, अ‍ॅप आणलं, त्र्यंबकला थेट बस जाते. चांगलंच झालं. पण अ‍ॅप आहे हे पाहुण्याला गावात येण्याआधी कुणी सांगायचं?

आता सिंहस्थ दारात आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. बैठकांत रस्ते, घाट, पूल यांचे आकडे कोटींत फिरताहेत. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटींचा आकडा आला होता, ती मेट्रो अजून धावलेली नाही. २०१५ ला आपण काय केलं? गाड्या शहराबाहेर अडवल्या, तिथून बस, आणि मग म्हाताऱ्याकोताऱ्यांची पायपीट. या वेळीही बाहेरची वाहनं बाहेरच थांबणार, म्हणजे लाखो माणसं बसच्याच भरवशावर असणार. त्यांच्यासाठी फलक कोण रंगवतंय?

मला विचाराल तर आधी बसच्या पाटीवर 'निमाणी'च्या शेजारी 'रामकुंड, पंचवटी' लिहा. नंबर मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकड्यांत. लगेच कुणी अस्मितेचा मुद्दा काढेल, म्हणून सांगून ठेवतो, मराठी वर आणि मोठ्या अक्षरात, त्यात तडजोड नाही. ब्रुसेल्समध्ये भाषेवरून भांडणं काय कमी आहेत? तरी रस्त्याची प्रत्येक पाटी फ्रेंच आणि डच अशी दोन्ही भाषांत. स्टेशनच्या दारात एक मोठा नकाशा लावा, त्यात रामकुंड, काळाराम, त्र्यंबक, शिर्डी, सप्तशृंगगड एवढंच, आणि प्रत्येकासमोर बस कुठून मिळेल, साधारण भाडं किती. भाडं भिंतीवर दिसलं की रिक्षावालाही जरा जपून बोलतो.

याला निविदा, सल्लागार, अभ्यासदौरा काही लागत नाही. रंग, पत्रा आणि एक बरा पेंटर लागतो.

तुम्ही एक करा. आज संध्याकाळी घराजवळच्या बसथांब्यावर जा. थांब्याचं नाव लिहिलंय का, कुठल्या बस येतात ते लिहिलंय का, आणि ते वाचता येतं की त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागलाय, बघा. फोटो काढून थांब्याच्या नावासकट कमेंटमध्ये टाका. चांगला थांबा असेल तर तोही टाका, लपवू नका. येत्या सोमवारी सगळ्यांच्या प्रिंट काढून मी महापालिकेत जाणार आहे.