नाकाच्या शेंड्यावरचे पुरळ

आमच्या भागात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणूनच ओळखतात. प्राथमिक शाळेत तीसेक वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या, वय बहात्तर, मधुमेह बऱ्यापैकी आटोक्यात. एका सोमवारी त्या कपाळाची उजवी बाजू दुखते म्हणून आल्या. “केसांतून कंगवा फिरवला तरी आग होते हो, डॉक्टर,” असे त्यांनी सांगितले. मी रक्तदाब पाहिला, सर्दी आहे का विचारले आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्वचेवर काहीच नव्हते, म्हणून त्या दिवसाबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही.

बुधवारी त्या पुन्हा आल्या. कपाळावर लालसर पुरळ होते आणि नाकाच्या शेंड्यावर दोन बारीक फोड. दोन दिवस त्या डोकेदुखीचा बाम चोळत होत्या. बाम सोसला नाही, असे म्हणून मी त्यांना थंड लोशन लिहून दिले. बाहेर रुग्णांची गर्दी होती. नाकाचा शेंडा माझ्यासमोर होता. मी तो पाहिला, पण वाचला नाही.

शनिवारी सूनबाई त्यांना घेऊन आल्या तेव्हा उजवा डोळा लालभडक झाला होता, दृष्टी अंधूक झाली होती आणि आदल्या रात्रीपासून बाई असंबद्ध बोलत होत्या. “शाळेची घंटा झाली, पोरे बाहेर उभी आहेत,” असे म्हणत त्या दोनदा अंथरुणातून उठल्या होत्या. कपाळावर आता पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा स्पष्ट दिसत होता. ती नागीण होती.

जुना भाडेकरू

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, परंतु त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशीपुंजांत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, मधुमेह वा अन्य आजाराने प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. हा संबंध स्पष्टपणे मांडणारे एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधील सायरनसेस्टर या लहानशा गावातील साधे कुटुंबवैद्य होते. आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी १९६५ साली ही उपपत्ती मांडली. नोंदी नीट ठेवणारा आणि रुग्णाकडे नीट पाहणारा वैद्य काय करू शकतो, याचे हे उदाहरण मला फार जवळचे वाटते. आणि या प्रसंगानंतर थोडे बोचतेही.

विषाणू एका बाजूच्या एका मज्जातंतूत जागा होत असल्याने पुरळही बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठते. म्हणूनच ‘नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो’ या समजुतीत तथ्य नाही. खरे भय वेगळ्याच ठिकाणी असते.

डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच अंश

नागिणीच्या सुमारे दहा ते वीस टक्के रुग्णांत विषाणू कपाळ व डोळा यांच्या मज्जातंतूत जागा होतो. या मज्जातंतूची एक फांदी नाकाच्या शेंड्याला जाते आणि तीच डोळ्याच्या आतल्या भागालाही संवेदना पुरवते. त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले की डोळ्यालाही धोका आहे, असे समजावे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. नाक स्वच्छ असले म्हणजे डोळा सुरक्षितच, असे मात्र नाही.

डोळ्यात शिरलेला विषाणू बहुतेक वेळा बुबुळाच्या आसपास दाह निर्माण करतो. क्वचित तो आणखी आत, दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे ज्याला आपण डोळ्याचा पडदा म्हणतो तिथपर्यंत पोहोचतो. गर्भावस्थेत हा पडदा मेंदूच्याच भागातून घडतो; दृष्टीचा मज्जातंतू म्हणजे त्याला मेंदूशी जोडणारी दोरी. मेंदू व दृष्टिपटल या दोहोंतील रक्तवाहिन्यांच्या भिंती अतिशय घट्ट विणलेल्या असतात; रक्तातील सरसकट सर्व पदार्थांना त्या आत सोडत नाहीत. दाह वाढला की ही वीण सैल होते, सूज येते आणि नाजूक पेशी मरू लागतात. त्वचेवरची जखम भरून येते, तेथे नवी कातडी येते. दृष्टिपटलाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, मेंदूतील पेशींचेही बव्हंशी तसेच. म्हणून येथे प्रत्येक दिवस मोलाचा.

मेंदूला इजा दोन मार्गांनी होऊ शकते. विषाणू क्वचित मेंदूत शिरून मेंदूदाह घडवतो. अथवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत दाह निर्माण करतो. डोळ्याजवळील नागिणीनंतरच्या काही आठवड्यांत पक्षाघाताचा धोका वाढलेला आढळतो, तो यामुळेच.

शिवाय वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संसर्ग मूत्रमार्गाचा असो वा फुप्फुसाचा, शरीरातील दाहाचे परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतात आणि कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एकाएकी भ्रमिष्टासारखी वागू लागते. कधी ताप नसतो, खोकला नसतो. बिघडलेले बोलणे हेच एकमेव लक्षण असते. ‘वयच झाले आता’ असे म्हणून ते सोडून देऊ नये. वय एका रात्रीत होत नाही.

घरच्यांनी काय पाहावे?

कपाळ, पापणी वा डोक्याच्या एकाच बाजूला आग, ठणका, स्पर्शही सोसवत नाही अशी वेदना असेल, तर पुढचे चार-पाच दिवस रोज उजेडात त्वचा नीट पाहावी. पुरळ बहुधा वेदनेनंतर दोन-तीन दिवसांनी उठते. पुरळ दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर यांसारखी विषाणुरोधक औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक लाभ देतात. उशीर झाला असला, तरी डोळ्याजवळील नागिणीत ‘आता काय उपयोग’ म्हणून थांबू नये.

डोळा लाल होणे, उजेड न सोसणे, अंधूक दिसणे, नजरेसमोर काळे ठिपके वा जाळी तरंगणे यांपैकी काहीही दिसले, तर नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा तपासून घ्यावा. ही लक्षणे पुरळ सुकल्यानंतर काही आठवड्यांनीही येऊ शकतात.

असंबद्ध बोलणे, अतिशय गुंगी, झटके, मान ताठ होणे, तोंड वाकडे होणे, हात वा पाय लुळा पडणे असे काही दिसल्यास रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

काय टाळावे?

फोडांवर गेरू, चुना, झाडपाला लावू नये. जखम चिघळते आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे डोळ्यांचे थेंब आणू नयेत. ते केव्हा द्यायचे आणि केव्हा नाही, हे नेत्रतज्ज्ञच ठरवू शकतात.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. विषाणुरोधक औषधांची मात्रा त्यानुसार कमी करावी लागते. अन्यथा औषध शरीरात साठून त्यानेही भ्रम होऊ शकतो. फोडांवर खपली धरेपर्यंत तान्ही बाळे, तसेच कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे; फोडांतील पाण्यापासून त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

प्रतिबंध

पन्नाशीनंतर घेता येणारी नागिणीची लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात. मोठ्या चाचण्यांत तिने पन्नाशीपुढील व सत्तरीपुढील, दोन्ही गटांत सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक संरक्षण दिले. किंमत अनेक कुटुंबांना जड वाटावी अशी आहे, हे मी जाणतो. तरीही विशेषतः मधुमेही ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांशी याविषयी एकदा बोलावे. नागीण होऊन गेलेल्यांनाही बरे झाल्यावर ती घेता येते.

बाईंना त्याच शनिवारी मोठ्या रुग्णालयात दाखल केले. मेंदूला वेढणाऱ्या पाण्याची तपासणी झाली, शिरेतून औषध सुरू झाले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या नातवंडांना नावाने हाका मारू लागल्या. मेंदू सावरला, उजव्या डोळ्याचा पडदा मात्र बराचसा गेला. बुधवारीच औषध सुरू केले असते तर डोळा निश्चित वाचला असता, असे कोणीही सांगू शकणार नाही. परंतु वाचण्याची संधी अधिक होती आणि ती माझ्या हातून निसटली.

दोन महिन्यांनी त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा मी त्यांना हे सारे सांगितले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शाळेत मूल शब्द चुकले, की मी त्याला मारत नसे. तो शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगत असे. तुम्हीही लिहा.”

आता डोकेदुखीचा वयस्कर रुग्ण समोर बसला, की मी त्याला खिडकीकडे तोंड करायला सांगतो आणि कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत सावकाश पाहतो. बाहेर कितीही गर्दी असली तरी. आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे हे लिहून काढले आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याकडे आपणही रोज एकदा उजेडात नीट पाहा.