काळाआधीची तारीख

विश्व निर्माण करण्यापूर्वी देव काय करीत होता? सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनने दिलेले उत्तर आजही चोख वाटते: काळच विश्वाबरोबर जन्मला, तेव्हा 'पूर्वी' हा शब्दच गैरलागू. पण खरी अडचण पुढेच आहे. कालातीत देवाची इच्छा अनादी, तर तिचे फळही अनादी हवे. मग विश्वाला आरंभ कुठला? (शंकराचार्यांनी संसारच अनादी मानला, त्यांना हा पेच पडला नाही.)

अकराव्या शतकाच्या अखेरीस अल्-गझालीने तोड काढली: इच्छा अनादी, पण आरंभाचा क्षण तिच्यातच ठरलेला. बँकेत हयात गेलेल्या मला हा पुढल्या तारखेचा धनादेशच वाटतो. पण काळ निर्मितीबरोबरच आला, हे गझालीलाही मान्य. मग कॅलेंडरच नसताना तारीख घालायची कोणती? १९७९ मध्ये विल्यम लेन क्रेग यांनी सुचविले, की निर्मितीविना देव कालातीत आणि निर्मितीपासून काळात. म्हणजे देवही बदलला म्हणायचा!

रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या मला हे तर्क हवेहवेसे वाटतात, म्हणूनच त्यांचा हिशेब कडक तपासावासा वाटतो. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या प्रसरणात निर्मितीची साक्ष पाहिली. त्या सिद्धान्ताचे एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू. पण हा सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, हीच त्यांची भूमिका राहिली.