रिनेम म्हणजे डिलीट नव्हे!

वर्धा जिल्ह्यात सेलू, आष्टी आणि कारंजा हे तीन तालुके आहेत. पण एक सेलू परभणीतही आहे, एक आष्टी बीडमध्ये आणि एक कारंजा वाशिममध्ये. तेही तालुकेच. आता समजा, एका फोल्डरमध्ये तालुकावार फाइली आहेत: 'वर्धा-सेलू', 'परभणी-सेलू' वगैरे. कुणाला तरी वाटलं, जिल्ह्याचं नाव उगाच कशाला, काढून टाकू. पायथनमध्ये चार ओळींचं काम. फाइली अकारविल्हे घेतल्या आणि प्रत्येकीवर ओएस.रिनेम चालवलं.

विंडोजवर प्रोग्राम 'वर्धा-आष्टी'पाशी अडतो. 'आष्टी' (बीडची) आधीच आहे, असा एरर देऊन थांबतो. लिनक्सवर आणि मॅकवर? चूं की चां नाही! वर्ध्याची आष्टी बीडच्या आष्टीला गिळते, वर्ध्याचं सेलू परभणीच्या सेलूला, आणि वाशिमचं कारंजा वर्ध्याच्या कारंजाला. सहाच्या तीन फाइली उरतात. ट्रॅशमध्येही काही सापडत नाही.

भाषा तीच, ओळ तीच, आणि अर्थ दोन!

लगेच कुणीतरी म्हणेल, "डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की!" लिहिलंय, मान्य. पण नाव बदलताना दुसरीच फाइल पुसली जाते, हे वाचल्याशिवाय कळत नसेल तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

दुसरा म्हणेल, युनिक्सची ही जुनी रीत आहे आणि तिला कारण आहे. नवी फाइल जुनीच्या जागी एका झटक्यात बसते, अर्धवट काही कुणाला दिसत नाही. अगदी खरं. पण त्या कामासाठी 2012 च्या पायथन 3.3 पासून ओएस.रिप्लेस आहेच ना? मग रिनेमने सगळीकडे नकार द्यायला काय हरकत होती? जावाने 2011 मध्ये, सातव्या आवृत्तीत, तेच केलं. तिथलं फाइल्स.मूव्ह त्या नावाची फाइल दिसली की नकार देतं. पुसायचीच असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

असो. तोवर शिस्त आपणच पाळायची. एकाही फाइलला हात लावण्याआधी सगळ्या नव्या नावांची यादी करा. कुठलं नाव दोनदा आलंय का, फोल्डरमध्ये आधीच आहे का, ते बघा. दुसरा प्रोग्रामही तिथेच लिहीत असेल तर एवढं पुरत नाही, कारण तपासणी आणि रिनेम यांच्या मधल्या क्षणात तो घुसू शकतो. तिथे ओएस.लिंकने नवं नाव जोडा आणि मगच जुनं काढा. नाव आधीच असेल तर लिंक विंडोजवरही नकार देतं आणि लिनक्सवरही. (फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर मात्र हे चालत नाही.)

सेलूला जायचं म्हटलं तर साधा माणूसही विचारतो, "कुठलं सेलू?" प्रोग्रामने निदान तेवढं तरी विचारावं.