नकाशा नंतर काढा, आधी खेळायला बसा

स्वतःचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम बनवतोय असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो : कितीदा खेळून पाहिला? उत्तर म्हणून बहुतेक वेळा गूगल डॉकची लिंक येते. साठ पानं. सात राज्यांचा इतिहास, देवांची वंशावळ, तीन चंद्र आणि एक सुंदर नकाशा. खेळून पाहिलेलं सत्र मात्र एकही नाही.

याला गेम म्हणू नका. ही न लिहिलेल्या कादंबरीची टिपणं आहेत.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. गेममास्टर परिस्थिती सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे पडतात. या टेबलावर तुमच्या तीन चंद्रांना कुणी विचारत नाही. खेळाडू तेच करतात ज्याचा मोबदला नियम देतात.

पुरावा पहिल्याच गेममध्ये आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४मध्ये आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये अनुभव-गुणांचा मोठा वाटा खजिन्यातून यायचा : एक सोन्याचं नाणं बाहेर आणलं की एक गुण. राक्षस मारून त्या मानाने फारच कमी मिळायचं. म्हणून शहाणे खेळाडू लढाई टाळायचे, फसवायचे, माल उचलून पळायचे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचा हा नियम ऐच्छिक झाला. भुयारं तीच, राक्षस तेच, पण राक्षस मारण्याचेच गुण मिळू लागले की त्याच भुयारात माणसं तलवार उपसून शिरतात. १९८१च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये भयानक काही दिसलं की पात्राचे मानसिक स्थैर्याचे गुण घटतात. त्यामुळे तिथे दार उघडायलाही हात कचरतो. ही भीती वर्णनातून कमी आणि त्या घटत्या आकड्यातून जास्त येते.

आता आपल्याकडचं लाडकं स्वप्न घ्या : शिवकालावरचा गेम. बहुतेक आराखडे सारखेच. वीस बाजूंचा फासा, हिट पॉइंट्स, मारलेल्या शत्रूमागे गुण. फक्त ‘फायटर’चा मावळा केला आणि ‘रोग’चा हेर. खेळायला बसा, म्हणजे कळेल. तुमचे मावळे उघड्या माळावर उभे राहून पाळीपाळीने वार करतील, कारण तुमचा नियम त्याचेच पैसे देतोय. गनिमी काव्यात तर संख्येने कमी असताना समोरासमोर भिडायचं नसतं. रसद तोडायची, घाटात गाठायचं आणि वेळेवर निसटायचं. मग गुण निसटण्याला द्या. रसद तुटली तर द्या. घोडी किती दमली, याचा हिशेब ठेवा. एवढं केलंत तर पात्रांची नावं मराठी नसली तरी गेम सह्याद्रीतला वाटेल.

यावर नेहमीचं उत्तर : ‘अजून तयार नाही, तयार झाला की टेस्ट करू.’ टेस्ट केल्याशिवाय तो तयार कसा होणार? एका पानावर नियम लिहा. तीन माणसं आणि एक तास, एवढं पुरतं. त्याआधी फाशांचं गणित कागदावर करा. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के असते. दोन साध्या फाशांची बेरीज ७ येण्याचे ३६पैकी ६ मार्ग, १२ येण्याचा एकच. हा फरक माहीत नसेल तर तुमचा शूर सरदार दर दुसऱ्या वेळी घोड्यावरून पडेल आणि तुम्ही नशिबाला दोष द्याल.

मित्रांच्या ‘भारी आहे रे’वर विसंबू नका. तुमच्या घरचे पोहे खाल्लेला माणूस दुसरं काय म्हणणार? ‘आवडलं का’ विचारूच नका. ‘काय करावंसं वाटलं आणि करता आलं नाही?’ असं विचारा. खेळताना कोण कधी फोनमध्ये गेलं, कुठला नियम सगळेच विसरले, हे टिपून ठेवा. विसरला गेलेला नियम बहुधा काढून टाकायचा असतो. आणि पुढच्या खेळाआधी एकच गोष्ट बदला. पाच बदललीत तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

शेवटची परीक्षा सगळ्यात जाचक. ते पान अनोळखी लोकांच्या हातात द्या, कोपऱ्यात बसा आणि तोंड बंद ठेवा. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना विनोद इथे तंतोतंत लागू पडतो : तुम्ही शेजारी बसून समजावलंत तर कुठलाही गेम चालतो. विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही नसणार. ते चुकीचं खेळत असतील तर चूक तुमच्या पानाची आहे.

जग बांधण्यात मजा आहे, हे मान्य. खुशाल बांधा. पण लोकांची रविवारची दुपार मागणार असाल, तर आधी त्यांना टेबलावर करायला काहीतरी द्या. आठवं राज्य आठवडाभर थांबेल.