क्रीडांगणाचा जमाखर्च

ग्वाल्हेर शहराबाहेर शंकरपूर येथे माधवराव शिंदे यांच्या नावाचे नवे क्रिकेट क्रीडांगण उभे राहिले आणि ६ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे भारत व बांगलादेश यांचा सामना झाला. १४ वर्षांच्या खंडानंतर शहरास लाभलेला हा आंतरराष्ट्रीय सामना होय. अशा बांधकामाने शहराचा व्यापार खरोखर वाढतो काय, याचा विचार व्यापारी बंधूंनी अवश्य केला पाहिजे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या धर्माने सांगितली आहेत. क्रीडांगणाची गणना त्यांत होत नाही. सबब त्याची पारख व्यवहाराच्या तराजूवरच होणे योग्य.

सामन्याच्या दिवशीची सर्वच उलाढाल ही मिळकत नव्हे. लष्करातील गृहस्थ तिकिटास जे पैसे देतो, ते बहुधा तो बाजारातील अन्य खरेदीतून वाचवितो. पैसा एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात गेला, इतकेच. परगावचा पाहुणा मुक्कामास, भोजनास व भाड्याच्या गाडीस जे देऊन जातो, तीच खरी जमा. त्या भोजनास लागणारी डाळ व पीठ आपल्या दाल बाजारातून जाते, म्हणून त्या जमेत आपलाही वाटा आहे.

परंतु ही जमा वर्षातून किती दिवस होणार? शहरातील जुन्या कॅप्टन रूपसिंह मैदानावर १९८८ ते २०१० या २२ वर्षांत आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले अवघे १२. सचिन तेंडुलकर यांनी २४ फेब्रुवारी २०१० रोजी तेथे द्विशतक काढून मैदानास कीर्ती मिळवून दिली. तथापि कीर्तीने देखभालीचा खर्च भागत नाही. दोन वर्षांत एकदा भरणारे गोदाम कोणता आडत्या बांधील? कॅनडातील माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी भव्य क्रीडागृह बांधले. त्याचे कर्ज फिटावयास २००६ साल उजाडले.

यावरून क्रीडांगण बांधूच नये, असा निष्कर्ष मी काढीत नाही. गोदामाची किंमत भिंतींवरून नव्हे, तर मालाच्या आवक-जावकीवरून ठरते. क्रीडांगणाचेही तसेच आहे. २०२४ मध्ये प्रांतीय लीगचे सामने नव्या मैदानावर झाले, हे योग्य पाऊल होय. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा व नित्याचा सराव यांनी दोन्ही मैदाने बारमाही गजबजली पाहिजेत. सामन्यास आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी किल्ला आणि गोपाचलावरील भव्य जिनप्रतिमा पाहण्यास थांबला, तर त्याचा एक मुक्काम वाढतो. आणि त्या एका मुक्कामातच शहराचा नफा आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, भिंतीवरील नामफलकासाठी एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा आपल्या संस्थेने दरवर्षी शालेय स्पर्धेचा खर्च उचलावा, आणि पाहुण्यांच्या शुद्ध भोजनाची व दर्शनाची सोय लावावी. न वापरलेला संग्रह हा भार होय, हे अपरिग्रहाचे तत्त्व आपणांस नव्याने सांगावयास नको. ते शहराच्या मालमत्तेसही लागू आहे.