पाचवी खाच

मंडळी, आज जरा चिडून लिहितो आहे, सांभाळून घ्या.

गेली दोन वर्षं आमची ही माझ्या मोटरसायकलवर मागे बसत नव्हती. घर ते ढोल्या गणपती, वाईतल्या वाईत, एवढंसुद्धा नाही. मेणवलीच्या घाटावर संध्याकाळी जाऊन बसायची आमची जुनी सवय होती, तीही सुटली. खड्डा आला की तिच्या कंबरेत कळ यायची. ती बोलायची काही नाही, फक्त माझ्या खांद्यावरचा हात घट्ट व्हायचा. मग एके दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन या. मी घरीच बरी."

त्यावर आमच्या गोतावळ्याने जे सल्ले दिले ते ऐका. पुतण्या म्हणाला, "काका, वय झालं आता, गाडी विका." मेहुणे म्हणाले, रस्तेच तसे आहेत, तुम्ही काय करणार. सीटकव्हरवाल्याने मऊ गादी गळ्यात मारली (ती महिन्यात बसली, म्हणजे दबली!). शेजाऱ्यांनी तर थेट चारचाकीची किंमतच काढली. पण गाडीपाशी खाली वाकून कोणी पाहिलं नाही. मीही नाही, हे आधीच कबूल करतो.

या दिवाळीत गाडी धूत होतो. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक कडं असतं, त्याला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. चिखल निघाला तेव्हा दिसलं की कडं सगळ्यात वरच्या, पाचव्या खाचेवर आहे. दोन्ही बाजूंना. गाडी घेतली तेव्हापासून की नंतर कोणी केलं, देव जाणे. मेकॅनिककडे गेलो. माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, टाईटच पाहिजे. सगळ्यांच्या गाड्या मी टाईटच करून देतो. लोड झेलतं ना!"

सगळ्यांच्या! आता माझं वजन ५८ किलो, हिचं ५२. तालमीतल्या एकट्या पैलवानाइतके आम्ही दोघं मिळून. आमच्यासाठी कसला लोड झेलायचा?

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, त्यामुळे शाळेतल्या विज्ञानाच्या जुन्या सहकाऱ्यांना गाठलं. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. कडं फिरवल्याने स्प्रिंग जाड होत नाही की बळकट होत नाही. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. जितकी जास्त दाबून ठेवाल तितकं जास्त वजन पडल्याशिवाय ती हलायलाच सुरुवात करत नाही. हलका माणूस बसला तर ती जागची ढिम्म, आणि मग लहानसहान दणका सरळ माणसाच्या मणक्यात. दुसरं असं की चाकाला नुसतं वर जायचं नसतं, खड्ड्यात खालीही उतरायचं असतं. माणूस बसल्यावर गाडी थोडी खचली, तरच चाकाला खाली उतरायला वाव राहतो. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकी गाडी बसल्या बसल्या खचावी, असा ढोबळ हिशोब आहे.

मग टेप घेऊन बसलो. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवलं. आसापासून सीटच्या कडेवरच्या खुणेपर्यंत ५३ सेंटिमीटर. मग गाडी स्टँडवरून काढली, मी बसलो, आणि मोजमाप हिने घेतलं. ५२. म्हणजे नऊएक सेंटिमीटर हालचालीपैकी फक्त एक सेंटिमीटर! दुसऱ्या खाचेवर आणल्यावर तोच आकडा ५०.७ झाला. हे सगळं करायला लागला एक आकड्यासारखा वाकडा पाना, जो टूलकिटात प्लॅस्टिकच्या पिशवीत न फोडलेला पडून होता. वेळ म्हणाल तर कड्याला तेल सोडून दहा मिनिटं.

माझा राग इथेच आहे. शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना नारळ फुटतो, पेढे येतात, किल्ली हातात देतानाचा फोटो निघतो. त्या अर्ध्या तासात एकानेही विचारलं नाही की गाडीवर कोण बसणार, किती वजनाचं. पुस्तिकेत याबद्दल एक परिच्छेद आहे, तोही इंग्रजीत. आणि टायरमधली हवा? माझ्या स्टिकरवर पुढे २५, मागे २८ लिहिलंय, पण पंक्चरवाला न विचारता मागे पस्तीस भरतो. टणक ते चांगलं, ही आपल्याकडची श्रद्धाच आहे.

वास्तविक मागच्या चाकाला स्प्रिंग ही फार जुनी चैन नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक मोटरसायकलींना मागे काहीच नसायचं, सीटखाली सायकलसारख्या दोन स्प्रिंगा, बस्स. रॉयल एनफिल्डच्या बुलेटला १९४९ साली झुलत्या दांड्यावरचं मागचं चाक आलं, आणि ती बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळू लागली. म्हणजे कोणीतरी डोकं लढवून ही सोय केली, आणि आपण ती पाचव्या खाचेवर आवळून पुन्हा बैलगाडी केली.

रस्त्यांचं म्हणाल तर ते वाईट आहेतच. गतिरोधक कसा असावा याचंसुद्धा इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, अलगद चढून अलगद उतरणारा. आमच्याकडचे गतिरोधक म्हणजे आडवी टाकलेली भिंत. त्यासाठी अर्ज करतो, करत राहीन. पण अर्जाला उत्तर येईपर्यंत पाना वापरायला कोणाची परवानगी लागते?

आणि एक बोचरं बोलतो. हँडल धरणारा बसतो दोन चाकांच्या मध्ये. मागे बसणारं माणूस बसतं जवळजवळ मागच्या चाकावरच, म्हणजे दणका त्यालाच जास्त. साडी नेसून एका बाजूला बसलेली बाई खड्डा दिसला तरी अंग उचलू शकत नाही, बहुतेक वेळा तिला खड्डा दिसतच नाही. गाडी "मस्त पळते" हे ठरवणार आपण पुरुष, आणि कंबर जाणार तिची. मग आपणच म्हणायचं, वय झालं.

उगाच चमत्कार सांगत नाही. हिची कंबर बरी झालेली नाही, डॉक्टरांचा व्यायाम चालू आहे, पसरणीचा घाट चढून पाचगणीला ती अजूनही एसटीनेच जाते. सगळं सैल सोडूनही चालत नाही. ही मागे असताना मी पहिल्या खाचेवर करून पाहिलं, तर गतिरोधकावर शॉकअप तळाला टेकून खाडकन आवाज आला. आता एकटा असलो की दुसरी, ही असली की तिसरी. दोन्ही बाजू सारख्या, हे विसरू नका.

गेल्या सोमवारी मेणवलीला जाऊन आलो. वाटेत म्हणाली, "वळणावरचा तो खड्डा बुजवला वाटतं?"

बुजवलेला नव्हता. मी काही बोललो नाही.

पुतण्या रविवारी बायकोला घेऊन मोटरसायकलवर येतोय. टेप आणि पाना दारातच काढून ठेवलाय.